शब्द कुणाचा, कधी आणि किती वेळा?

नोकरी बदलताना रेफरन्स म्हणून कुणाचं नाव द्यायचं, हे विचारणारं एक पत्र आलंय. थोडक्यात असं. लिहिणारी 31 वर्षांची स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर साताऱ्यात एका नर्सिंग होममध्ये दोन वर्षं, मग डिप्लोमानंतरची पदवी, पोस्ट बेसिक बीएस्सी, आणि गेली पाच वर्षं पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत. मुलगी चार वर्षांची, सांभाळायला सासूबाई. तीन वर्षांत पगार नावापुरता वाढला, म्हणून तिने एकाच वेळी तीन ठिकाणी अर्ज केले: हडपसरला, बाणेरला आणि पिंपरीत एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. हडपसरची मुलाखत झाली. तिथे एचआरने फॉर्म पुढे केला. त्यात दोन रेफरन्सचा रकाना होता, त्यातला एक सध्याच्या वरिष्ठांचा. मागे रांग होती, हातात पेन होतं. तिने आपल्या इन्चार्ज सिस्टरांचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून टाकला. इन्चार्जना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनीच तिला पहिल्या नाइटला एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट, वाचायला शिकवलं, बाळंतपणानंतर ड्यूट्या सांभाळून लावल्या. आता बाणेरवाल्यांनी दोन वरिष्ठांकडून त्यांच्या नमुन्यात ईमेल मागितला आहे, आणि पिंपरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. ती विचारते: तिन्हीकडे तीच नावं दिली तर चालेल का? एकाच बाईंना तीन फोन गेले तर त्या काय म्हणतील? एखाद्या डॉक्टरांनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी ती नोकरी घेतलीच नाही, तर त्यांचा शब्द वाया नाही का जाणार? मैत्रीण म्हणते, 'माझा नंबर दे, मी इन्चार्ज म्हणून बोलते.' तसं करू का? आणि शेवटची ओळ: 'मला सारखं वाटतं, मी सगळ्यांनाच फसवते आहे.'

मैत्रिणी, तुला 'तू' म्हणते. पस्तीस वर्षं हॉस्पिटलात गेली, त्यातली शेवटची अकरा मेट्रनच्या खुर्चीत. तुझ्या वयाच्या सिस्टरला 'तुम्ही' म्हणायला जीभ वळत नाही.

आधी उद्याचं काम, बाकीचं मग. सकाळी दहाच्या सुमारास हडपसरच्या एचआरला फोन कर. मॉर्निंग ड्यूटी असेल तर चहाच्या सुट्टीत, हॉस्पिटलच्या आवाराबाहेर येऊन. सांग, 'मॅडम, फॉर्मवर मी माझ्या इन्चार्जचं नाव दिलंय, पण मी नोकरी बदलते आहे हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडून निवड पक्की झाली की मला कळवा. मी त्यांच्याशी बोलते आणि मग तुम्ही फोन करा. तोपर्यंत हवं तर आधीच्या ठिकाणचा नंबर देते.' असं सांगणारे उमेदवार एचआरला नेहमी भेटतात, त्यात त्यांना वावगं वाटत नाही. बोलणं झालं की तेच दोन ओळींत ईमेलवर टाक. उद्या फोनवर भेटलेल्या मॅडम परवा सुट्टीवर असतील, पण नोंद फाइलला राहील. चार्टवर लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात, हे तुला मी सांगायला नको.

एवढं झालं की आजची झोप तरी परत मिळेल. आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते.

'सगळ्यांनाच फसवते आहे' म्हणतेस. कुणाला? हडपसरवाल्यांनी त्या जागेसाठी तुझ्या एकटीची मुलाखत घेतली का? तूच लिहिलंस की मागे रांग होती. त्या रांगेतल्या कुणालाही त्यांनी शब्द दिलेला नाही आणि तूही त्यांना दिलेला नाहीस. मुलीला तीन स्थळं सांगून आली म्हणून तिने तिघांना फसवलं असं कुणी म्हणत नाही. सुपारी फुटल्यावर दुसरीकडे बघायला गेली तर म्हणतील. तुझी सुपारी अजून कुठेच फुटलेली नाही.

हे मी ठासून लिहिते, कारण आपल्या पेशात ही अपराधी भावना मुलींच्या अंगी पहिल्या वर्षापासून मुरवली जाते. शेजारचा मुलगा हिंजवडीत चार कंपन्यांत मुलाखती देतो तेव्हा घरात कौतुक होतं. तीच गोष्ट सिस्टरने केली की 'पेशंटना सोडून चालली' असं ऐकावं लागतं. तू कुणा पेशंटला सोडत नाहीस. नोटीस पिरियड भरून, बेडवरचा पेशंट पुढच्या सिस्टरला नीट समजावून, ओव्हर देऊन जाणार आहेस. घरात लहान मूल असताना चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तीन दारं ठोठावली, यात मान खाली घालावी असं काही नाही.

पण तुला जे टोचतंय ते सगळंच खोटं नाही. तीन अर्जांबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. न विचारता नंबर दिलास, तेवढं मात्र चुकलं. तो नंबर तुझा नव्हता. त्यामागे एका बाईची वेळ आहे, तिची भीड आहे, आणि तिचं नाव आहे.

आपण फॉर्ममध्ये 'रेफरन्स' लिहितो, पण घरी बोलताना 'शब्द टाकणं' म्हणतो, आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो. शब्द टाकणारा स्वतःची पत पुढे करतो. या शहरात तर आपला पेशाच कुणीतरी पत पुढे केली म्हणून उभा राहिला. 1909 साली पुण्यात सेवासदनचं काम सुरू झालं, आणि रमाबाई रानडे यांनी मुलींना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलकडे वळवलं. तेव्हा चांगल्या घरातल्या बायकांनी परक्यांची शुश्रूषा करावी हे लोकांना रुचत नव्हतं. रमाबाई त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आज एचआरचा फॉर्म छापील आहे, चौकटी आखलेल्या आहेत, पण मुलीच्या पाठीशी नाव लावून उभं राहणं तेच आहे. म्हणून ते मागताना आधी विचारायचं, गरज असेल तेव्हाच मागायचं, आणि पुढे काय झालं ते कळवायचं. तुझ्या सगळ्या प्रश्नांना माझं उत्तर या तीन गोष्टींतच आहे.

तू ज्याला घाबरते आहेस त्यातला अर्धा भाग मुळात कुणाच्या शब्दाचा नाही, कागदांचा आहे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्या मुली ती एकात मिसळतात. तू कधी लागलीस, कुठल्या पदावर, कुठल्या वॉर्डात, अजून आहेस का, हे सांगणं हॉस्पिटलच्या एचआरचं काम. त्यासाठी इन्चार्जना त्रास द्यायची गरज नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, साताऱ्याचं अनुभवपत्र, पीएफचं पासबुक, यातून ते दिसतं. तुझं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का हे कौन्सिलकडून तपासता येतं. त्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, तेव्हा आजच तारीख बघून ठेव. ज्या हॉस्पिटलांना एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं, मानांकन आहे किंवा घ्यायचं आहे, त्यांना प्रत्येक नर्सचं शिक्षण, रजिस्ट्रेशन आणि अनुभव तपासून वैयक्तिक फाइलला लावावा लागतो. म्हणजे हडपसरवाल्यांनी मागितलं ते संशयाने मागितलं नाही. कागद लागतो म्हणून मागितलं.

कागद जे सांगू शकत नाही तेवढंच माणसाला विचारायचं असतं. ही बाई अडीच वाजता रात्री बेड नंबर चारचं सॅच्युरेशन पडलं तर काय करते? नातेवाईक अंगावर धावून आले तर कशी बोलते? चूक झाली तर सांगते की दडवते? हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याचाच शब्द उपयोगाचा.

आता मेट्रनच्या खुर्चीतून मला काय दिसलं ते सांगते, कारण तुला तो फोन दुसऱ्या टोकाकडून ऐकायला मिळालेला नाही.

एकदा दुपारच्या राउंडला होते. नर्सरीत एक बाळ बिघडलं होतं, त्याच गडबडीत मोबाइल वाजला. दुसऱ्या हॉस्पिटलच्या एचआरची मुलगी. आमच्या एका सिस्टरचं नाव घेऊन म्हणाली, 'त्यांनी तुमचा रेफरन्स दिलाय, दोन मिनिटं बोलता येईल का?' ती सिस्टर माझ्या सगळ्यात भरवशाच्या चौघींतली. मला काही ठाऊक नव्हतं. मी गप्प झाले. दोन-तीन सेकंदच असतील, पण पलीकडच्या मुलीला ते ऐकू गेलं असणार. मग मी म्हणाले, 'हो, चांगली आहे.' फक्त एवढंच. जिच्याबद्दल मी अर्धा तास बोलले असते तिच्याबद्दल मला तीन शब्द सुचले. मी रागावले नव्हते. मला लागलं होतं. आणि डोक्यात लगेच पुढच्या महिन्याचं रोस्टर फिरायला लागलं, की हिची नाइट आता कोण करणार. तिला ती जागा मिळाली नाही. माझ्या त्या गप्पपणामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला कधीच कळलं नाही, आणि तो विचार आजही मनातून जात नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दुसरी एक आली. केबिनचं दार लोटून आत आली, उभीच राहिली, म्हणाली, 'मॅडम, मी तीन ठिकाणी अर्ज केलेत. घराचा हप्ता आहे. कुठे होईल माहीत नाही. तुमचं नाव देऊ का?' हातात एक कागद होता, त्यावर तिन्ही हॉस्पिटलांची नावं, पद, आणि मी तिच्यासोबत केलेल्या कामांतल्या दोन-तीन गोष्टी. मला वाईट वाटलंच. पण फोन आले तेव्हा मला काय बोलायचं ते ठाऊक होतं. तीनपैकी दोन फोन आले. दोन्हींना मी मनापासून उत्तरं दिली, आणि दुसऱ्या फोनने मला काही कंटाळा आला नाही. एकाच बाईला तीन फोन गेले तर त्या काय म्हणतील, हे तू विचारतेस. आधी सांगितलं असेल तर तीन फोन म्हणजे तीन फोन. सांगितलं नसेल तर पहिलाच फोन जड जातो.

म्हणून इन्चार्जशी बोल, आणि कुठून तरी कानावर जाण्याआधी तूच बोल. पुण्यात नर्सिंगचं जग छोटं आहे. इथली इन्चार्ज तिथल्या सुपरवायझरची बॅचमेट असते, सीएनईच्या, म्हणजे नर्सेसच्या पुढच्या शिक्षणाच्या, कार्यक्रमात दोघी शेजारी बसतात. तू सांगितलं नाहीस तरी बातमी पोचायला फार दिवस लागत नाहीत.

कधी आणि कुठे बोलायचं याला महत्त्व आहे. हँडओव्हरच्या वेळी नाही, व्हॉट्सॲपवर नाही, आणि स्टाफरूममध्ये चौघींसमोर तर मुळीच नाही. मॉर्निंग संपल्यावर त्यांना म्हण, 'सिस्टर, पाच मिनिटं हवी होती, चहाला येता का?' आणि नंबर दिल्याची कबुली आधी दे. कारणं मागून येऊ देत. 'माझ्याकडून एक चूक झालीय. हडपसरच्या फॉर्मवर तुम्हाला न विचारता तुमचा नंबर लिहिला. मी त्यांना फोन करून थांबवलंय. पण मी दुसरीकडे बघते आहे हे खरंय, आणि ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं.' मग पगाराचं सांग. त्यांनी तुला बाळंतपणात सांभाळलं ते विसरलेली नाहीस हेही सांग. माणसं हे गृहीत धरत नाहीत, ऐकायला थांबलेली असतात. मग विचार, 'तुमचं नाव देऊ का?' आणि नाही म्हणायला जागा ठेव. त्या म्हणाल्या की 'आत्ता नको, मॅनेजमेंटला कळलं तर मला अवघड जाईल', तर तेही मान्य कर. मेट्रनना सांगू नका अशी गळ मात्र घालू नकोस. 'मी स्वतः सांगेपर्यंत तुमच्यापाशी राहू द्या' इतकीच विनंती कर. रोस्टर त्यांना लावायचं असतं, आणि वरून कुणी सरळ विचारलं तर तुझ्यासाठी त्यांनी खोटं बोलावं हे तू मागू शकत नाहीस.

हे वाचणाऱ्या सगळ्यांची इन्चार्ज तुझ्या इन्चार्जसारखी नसेल, हे मला ठाऊक आहे. दुसरीकडे बघते आहे असं कळल्यावर सलग नाइट लावणाऱ्या, सुट्टी अडवणाऱ्या वरिष्ठ मी पाहिल्या आहेत. तशी बाई असेल तर ऑफर लेटर हातात येईपर्यंत एक अक्षर बोलू नका. 'सध्याच्या ठिकाणी कृपया ऑफरनंतरच चौकशी करावी' असं फॉर्मवरच लिहा, आणि नावं जुन्या ठिकाणची द्या. यात लबाडी नाही. एचआरच्या मंडळींनाही हे पटतं.

तिन्हीकडे तीच नावं का? चालतील. पण मी तुला दोन ऐवजी चार माणसं तयार ठेवायला सांगेन, म्हणजे कुणा एकावर भार पडणार नाही. इन्चार्ज हो म्हणाल्या तर त्या पहिल्या. दुसरं, तुमच्या आयसीयूचे डॉक्टर, ज्यांच्या राउंडला तू पाच वर्षं उभी राहिलीस. तिसरी, इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर किंवा नर्स एज्युकेटर, जिच्यासोबत तू ऑडिट केलंस, नव्या मुलींना शिकवलंस. चौथी, एखादी जुनी इन्चार्ज जी आता दुसरीकडे गेली आहे. तिला तुमच्या मॅनेजमेंटची भीड नसते, म्हणून ती मोकळेपणाने बोलते. आता जागा बघून माणूस निवड. पिंपरीला कॉलेज जोडलेलं आहे, विद्यार्थिनी वॉर्डात येतात. तिथे एज्युकेटरचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाहून जड ठरेल. बाणेरला क्रिटिकल केअरची जागा असेल तर डॉक्टर आणि जुनी इन्चार्ज. साताऱ्याच्या नर्सिंग होमचे डॉक्टर प्रेमळ असतील, पण सात वर्षांपूर्वीची तू त्यांना आठवते, आजची नाही. त्यांच्याकडून अनुभवपत्राची खात्री तेवढी होऊ दे. नात्यातली माणसं, आमदारांचं पत्र, सोसायटीचे चेअरमन यांचा इथे काही उपयोग नाही.

आणि मैत्रिणीचं 'मी इन्चार्ज म्हणून बोलते'. नाही. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण हे करू नकोस. मोबाइलवर कुणी फार छान बोललं की जाणती एचआर हॉस्पिटलच्या लँडलाइनवर फोन लावून 'आयसीयूच्या इन्चार्जना द्या' म्हणते, आणि मग सगळं उघडं पडतं. रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी कळलं तरी नेमणूक रद्द करता येते, आणि तोवर तू जुनी नोकरी सोडलेली असतेस. बरं, पकडली जाण्याचं सोडून दे. आपण रोज औषधाच्या चार्टवर सही करतो. ती सही खरी आहे एवढ्याच भरवशावर पुढच्या शिफ्टची सिस्टर तोच डोस पुन्हा देत नाही. अशा कामावर जाताना दारातच कुणाचं तरी खोटं नाव घेऊन जायचं, हे तुझ्यासारखीला आयुष्यभर सलेल. मैत्रिणीला म्हण, तू माझी सहकारी म्हणून खऱ्या नावाने बोल. काही ठिकाणी बरोबरीच्या सहकाऱ्याचाही रेफरन्स मागतात, तिथे ती उपयोगी पडेल.

नावं कधी द्यायची, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे. जितकी उशिरा देता येतील तितकी उशिरा. अर्जाच्या वेळी नाही, पहिल्या मुलाखतीलाही नाही. निवड जवळपास ठरली, पगाराचं बोलणं झालं, आणि ती जागा मिळाली तर तू खरंच घेशील असं तुला वाटतंय, तेव्हा. एवढी एक चाळणी लावलीस की तीन ठिकाणांचे सहा फोन कमी होऊन दोन-तीनच उरतील. बाणेरच्या ईमेलचंही तसंच. लिहून देणं हे फोनपेक्षा मोठं काम आहे. नमुना भरा, हॉस्पिटलच्या आयडीवरून पाठवा, कधी वरून परवानगी घ्या. डॉक्टरांना ते करायला लावण्याआधी बाणेरला विचार: 'माझी निवड कुठल्या टप्प्यावर आहे? पगार किती असेल?' उत्तर गुळमुळीत आलं तर म्हण, 'नावं आणि नंबर तयार आहेत, ऑफरच्या वेळी देते.' आणि स्वतःलाही विचार. सिंहगड रोडवरून बाणेरला नाइट संपवून सकाळच्या ट्रॅफिकमधून परत यायचं, मुलीची शाळा गाठायची, हे रोज जमणार आहे का? पिंपरीला स्वारगेटवरून मेट्रो तरी आहे. जिथे जायचंच नाही तिथे कुणाचा शब्द खर्ची घालू नकोस.

जे हो म्हणतील त्यांना एक छोटा मेसेज पाठव. हॉस्पिटलचं नाव, पद, फोन साधारण कुठल्या आठवड्यात येईल, शक्य असेल तर कुठल्या नंबरवरून. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही. एचआर तीनदा लावते, उचलला जात नाही, फाइल बाजूला पडते, आणि तुला वाटतं की तुझ्याबद्दल कुणीतरी वाईट बोललं. त्या कधी मोकळ्या असतात तेही एचआरला कळव; दुपारी दोनला ओव्हर चालू असताना कुठली इन्चार्ज धड बोलेल? मेसेजच्या खाली दोन गोष्टींची आठवण दे. 'कोविड वॉर्डात आपण एकत्र होतो', 'मागच्या एनएबीएचच्या वेळी क्रॅश कार्टचं काम माझ्याकडे होतं', असं काहीतरी. स्तुती लिहून देऊ नकोस. प्रसंग आठवला की बाकीचं त्या आपोआप बोलतात.

मुलाखतीत 'आणखी कुठे बघताय का' असं विचारलं तर 'हो, आणखी दोन ठिकाणी प्रक्रिया चालू आहे' म्हण. नावं सांगायची गरज नाही. ऑफर आली की चार-पाच दिवस मागून घे, आणि दुसरीकडे कळव की एक ऑफर हातात आहे, तुमचा निर्णय कधी होईल. सही मात्र एकाच कागदावर. दोन ठिकाणी सही करून ठेवायची आणि मग बघू, असं करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या काहींना पाच वर्षांनी त्याच मेट्रनसमोर पुन्हा मुलाखतीला बसावं लागलं. आणि कितीही गोड बोलून मागितले तरी मूळ सर्टिफिकेट कुणाकडे जमा करू नकोस. दाखव, झेरॉक्स दे, परत पर्समध्ये ठेव. बाँड असेल तर तो घरी आणून वाच. राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावर, नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणुकीच्या पत्रात बघून.

राहिला डॉक्टरांचा शब्द. समज त्यांनी बाणेरला छान सांगितलं आणि तू गेलीस पिंपरीला. शब्द वाया गेला का? मी इतक्या मुलींसाठी बोलले, त्यातल्या बऱ्याच त्या जागी गेल्या नाहीत. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की पुढे काय झालं ते चौघींनी कळवलंच नाही, आणि मला ते कॅन्टीनमध्ये तिसऱ्याकडून कळलं. ठरलं त्याच दिवशी चौघांनाही कळव, ज्यांना फोन आलाच नाही त्यांनाही. ज्या दोन ठिकाणी जाणार नाहीस तिथे दोन ओळींचा ईमेल टाक. 'आपला वेळ दिलात, आभारी आहे, मी दुसरीकडे रुजू होत आहे.' रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून बसणारी सिस्टर लोकांच्या लक्षात राहते. वेळेत नाही म्हणालेलीचं नाव कुणी वाईट घेत नाही.

अशीच पत्रं लिहिलेल्या बाकीच्या काहीजणींसाठी थोडं. सरकारी भरतीला बसणार असाल तर हा सगळा घोर नाही. तिथे परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी. आखाती देशांत जायचं असेल तर तिथली पडताळणी करणारी संस्था तुमच्या जुन्या हॉस्पिटलांना थेट लिहून विचारते, तेव्हा प्रत्येक नोकरी सोडताना तारखा, पद आणि वॉर्ड नीट लिहिलेलं अनुभवपत्र घेऊनच बाहेर पडा. लहान नर्सिंग होम बंद पडतात, डॉक्टर निवृत्त होतात. मग दहा वर्षांनी त्या दोन वर्षांचा पुरावा शोधायला कुठे जाणार?

तर मैत्रिणी, उद्या हडपसरला फोन, आणि जमलं तर उद्याच चहा. पिंपरीला जाताना चौघांची नावं आणि नंबर एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेव, म्हणजे हाताशी आहेत एवढा धीर राहील. फॉर्मवर तो रकाना आला की 'निवडीनंतर देईन' असं लिही आणि पुढच्या पानावर जा, मागे कितीही मोठी रांग असली तरी.